मुधोळ हाउंड पाळलाय, ग्वाल्हेरात. हा दमतो तरी कधी?

लष्करवाला
मंडळी, थेट प्रश्नावर येतो. घरात मुधोळ हाउंड आहे. नर, अकरा महिन्यांचा, नाव ढग्या. मेव्हण्याच्या ओळखीतून बागलकोटकडून आला. आम्ही सिटी सेंटरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईबाबा इथल्याच लष्कर भागात जुन्या घरी, तिथं चांगलं मोठं अंगण आहे. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पट्ट्यावर फिरवतो. घरी आला की पाणी पितो, जरा लोळतो आणि पुन्हा सुरू. सोफ्याचा एक हात संपवला, आता गादीकडे मोर्चा वळलाय. गॅलरीतून खाली मांजर दिसली की कठड्यावर पुढचे पाय टाकून थरथरत उभा राहतो.

एक ट्रेनर बोलावला होता. तो म्हणाला, अजून पळवा, सायकलला बांधून पळवा. बायको म्हणते, परत पाठवा. आईचं म्हणणं, कुत्रा राहू दे पण माझ्या स्वयंपाकघरात अंडं शिजणार नाही. ज्यांनी असले शिकारी कुत्रे पाळलेत त्यांनी सांगा, करायचं काय?

थाटीपूरच्या_काकू
अरे, आमच्या लॅब्राडॉरला नुसता बिस्किटाचा पुडा वाजलेला ऐकू आला तरी बसतो. तुला हा हरणासारखा कुत्रा कोणी सुचवला? काल फूलबागेपाशी तूच होतास का? एक बाई दुसरीला म्हणत होती, "बेचारे को खाना नहीं देते क्या."

लष्करवाला
मीच असणार काकू. रोज कोणी ना कोणी विचारतंच. सव्वीस किलोचा आहे, डॉक्टरांनी वजन बरोबर सांगितलंय.

बार्शीकर
आमच्याकडं ही कुत्री आज्ज्यापासून आहेत. कारवानी म्हणतो आम्ही. केनेल क्लबच्या कागदावरबी 'कॅरव्हान हाउंड' असंच येतं. फासळ्या दिसल्या पायजेत, मागच्या दोनतीन तर नक्कीच. फासळी दिसंना झाली की समजायचं, कुत्रं बिघडलं.

आता तुमचा प्रश्न. आमची कुत्री दिवसभर बाजंखाली पडून असतात. खरं सांगतो, ह्यांच्याइतकं आळशी जनावर नाही. पण संध्याकाळी रानात सोडलं की एकदाच असा जोर लावतात की डोळा ठरत नाही. दोनचार मिनिटं. मग जीभ बाहेर काढून येऊन पडतात. तुम्ही दोन तास पट्ट्यावर चालवता, त्यात त्याचं पळणं झालंच कुठं? पायाला काम मिळालं, छातीला मिळालं नाही.

आणि राग मानू नका, पण दुसऱ्या मजल्यावर हे कुत्रं आणायचं नव्हतं.

महूचा_पशुवैद्य
बार्शीकरांचं पळण्याबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. शिकारी कुत्रा म्हटलं की सगळे एकाच गटात टाकतात, तिथं गडबड होते. बीगल वास काढत तासन् तास जाईल. पॉइंटर बंदूकवाल्यासोबत दिवसभर रान पालथं घालेल. मुधोळ हा नजरेनं शिकार करणारा, ग्रेहाउंड-सालुकीच्या जातीतला. सावज दिसलं की पूर्ण ताकदीनं झेपावायचं, ताशी ४५-५० किलोमीटर वेग सहज गाठायचा, आणि पकडलं किंवा सुटलं की खेळ संपला. अंग छोट्या, जोरदार धावेसाठीच घडलेलं असतं, त्यामुळे दम लवकर लागतो आणि लवकर भरूनही येतो.

सायकलचा सल्ला मात्र ऐकू नका. दोन कारणं. अकरा महिन्यांच्या मोठ्या कुत्र्याची हाडं अजून वाढताहेत, टोकाच्या कूर्चा बंद झालेल्या नसतात. डांबरी रस्त्यावर एकाच चालीनं मैलभर पळवणं सांध्यांना जड जातं, निदान दीड वर्षाचा होईपर्यंत थांबा. दुसरं कारण ट्रेनर लोकांना कळत नाही असं नाही, पण ते सांगत नाहीत. रोज अर्धा तास पळणारा कुत्रा महिन्याभरात अर्ध्या तासाला सरावतो, मग त्याला पाऊण तास लागतो. पोराला रोज तालमीत पाठवायचं आणि घरी आल्यावर विचारायचं, एवढा अंगात जोर कुठून आला, असा तो प्रकार आहे. ढग्याला दमवायचं नाहीये, त्याला गप्प बसायला शिकवायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत.

लष्करवाला
डॉक्टरसाहेब, गप्प बसायला शिकवायचं म्हणजे नेमकं कसं? "बैठ" म्हटलं की बसतो हो. बसतो, उठतो, गादी फाडतो.

महूचा_पशुवैद्य
"बैठ" ही आज्ञा झाली. मी म्हणतोय ती सवय. एक सतरंजी ठरवा, फक्त त्याची. संध्याकाळी तुम्ही टीव्ही बघता किंवा पेपर वाचता तेव्हा ती पायाशी टाका, पट्टा सैल ठेवून स्वतःच्या पायाखाली दाबा आणि कुत्र्याकडे लक्षच देऊ नका. तो उभा राहील, कुंईकुंई करेल, तुमच्या तोंडाकडे बघेल. काही करू नका. कंटाळून आडवा झाला, मान खाली टाकली, की गुपचूप एक तुकडा पंजांच्या मधे ठेवा. शाबासकी नको, नाव घेऊन हाक नको, नाहीतर उठलाच समजा. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. सतरंजी म्हणजे पडायचं, हे एकदा डोक्यात बसलं की ती सतरंजी आईंकडे न्या, दवाखान्यात न्या, कुठंही न्या.

शिवाय तोंडाला काम द्या. हा वयाच्या अशा टप्प्यावर आहे की काहीतरी चावणारच. जाड जुना टॉवेल घ्या, त्यात त्याचं खाणं गुंडाळा, गाठ मारा. वाटीत खाणं दोन मिनिटांत संपतं, टॉवेलात पंधरा मिनिटं जातात.

कोथरूडची_माहेरवाशीण
मी मूळची जिवाजीगंजची, आता पुण्यात. आमच्याकडे मुधोळ मादी आहे, चौथ्या मजल्यावर, आणि मजेत आहे. त्यामुळे बार्शीकर दादा, फ्लॅटवाल्यांना सरसकट मोडीत काढू नका. दिवसातले अठरा तास ती सोफ्यावर पाय वर करून झोपते. फक्त आम्ही पळण्याची सोय लावून घेतलीय. ओळखीच्यांचा भिंत घातलेला प्लॉट आहे, तिथं आठवड्यातून काही दिवस मोकळी सोडतो.

घरच्या अंगणात करण्यासारखी एक गोष्ट सांगते. बांबूची लांब काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या ब्लँकेटचं फडकं. फडकं जमिनीलगत फिरवायचं, तो धावतो, वळतो, झडप घालतो. अधूनमधून पकडू द्यायचं, नाहीतर चिडतो. पकडलं की "सोड" शिकवायचं, सोडलं की पुन्हा फडकं पळायला लागतं. बक्षीस तेच. उंच उडवायचं नाही, या वयात उड्या नकोत. पाच मिनिटांत गडी आडवा.

लष्करातलं अंगण आहे ना? मग तुझा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. भिंत किती उंच आहे?

लष्करवाला
पुढची भिंत पाच फूट असेल. मागे गल्लीकडे थोडी पडकी आहे.

बार्शीकर
पाच फूट तो उभ्या उभ्या टाकतोय. सहा करा, आणि भिंतीला लागून पिंप, लाकडं, कुंड्या काही ठेवू नका. पायरी करतो त्याची.
ताईसाहेब, तुमचं खरं असंल. पण तुमच्याकडं प्लॉट हाये. ज्याच्याकडं नाही त्यानं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आन् मग अशी कुत्री वर्षा-दीड वर्षाची झाली की रस्त्यावर दिसतात.

मोरारचा_मन्या
भाऊ, एवढं काय टेन्शन घेता. तिघऱ्याकडे घेऊन चला एकदा. त्या बाजूला खरगोश बहोत, नीलगाय पण दिसते. शिकारी कुत्ता आहे, शिकार करू द्या. एका दिवसात शांत होईल.

थाटीपूरच्या_काकू
मन्या!!

महूचा_पशुवैद्य
मन्या, हे गमतीत लिहिलं असलं तरी उत्तर देणं भाग आहे, कारण कोणीतरी खरंच करेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, आणि त्याचा नुसता प्रयत्नसुद्धा त्या व्याख्येत येतो. ससा आणि नीलगाय दोन्ही संरक्षित. कुत्रा सोडणारा माणूस गुन्हेगार ठरतो. आणि एकदा खरं सावज तोंडी लागलं की कुत्रा शांत होत नाही. उलट पुढच्या वेळी गल्लीतली शेळी, शेजारच्यांची मांजर, मोपेडवर मागे बसलेलं पामेरियन, सगळं त्याला सावजच दिसायला लागतं.

मोरारचा_मन्या
ओके ओके, मजाक होता. कान पकडले.

टेकनपूर_रोड
ग्वाल्हेरच्या धाग्यावर अजून टेकनपूर आलं कसं नाही! आपल्यापासून झाशी रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर बीएसएफची अकादमी आहे, तिथं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. आता तिथं देशी जाती घेतात, रामपूर हाउंड आणि मुधोळ. तिथल्या रिया नावाच्या मुधोळ मादीनं २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये माग काढण्यात पहिला नंबर मिळवला, तोही विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून. लष्करानंही २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या आरव्हीसी सेंटरला, म्हणजे सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्राला, नेली होती. त्यामुळे "हे कुत्रं शिकत नाही" हा गैरसमज आहे. शिकवणारा पाहिजे.

बार्शीकर
शिकतं हो. कोण नाही म्हणतंय. पण तिथं एका कुत्र्यामागं एक माणूस दिवसभर असतो आणि तेवढंच त्याचं काम असतंय. पिल्लंबी निवडून घेतलेली. हे दादा सकाळी दुकानाला जाणार, वहिनी शाळेत जाणार.
आन् एक. ह्या कुत्र्यावर हात उचलायचा नाही. जर्मन शेफर्ड मार विसरतो, कारवानी विसरत नाही. एकदा भ्यालं की तुमच्या हाताला येत नाही.

लष्करवाला
टेकनपूरचं ऐकून बाबा खूश. रिया आता आमच्या घरी आदर्श विद्यार्थिनी म्हणून दाखवली जातेय. बायको म्हणते, मग ढग्यालाच बीएसएफमध्ये भरती करा.

पुढचा प्रश्न. हाक मारली की येतो, पण मांजर दिसली की बहिरा. मेळ्याच्या मैदानात सकाळी मोकळा सोडावा का? मेळा नसतो तेव्हा मैदान रिकामंच असतं.

कोथरूडची_माहेरवाशीण
अजिबात नको! मैदान रिकामं असेल, पण कडेनं रस्ता आहे, गाई आहेत, भटकी कुत्री आहेत. याला पाचशे मीटरवरचं हलतं काहीतरी दिसतं आणि तुला ते दिसायच्या आत हा निम्म्या वाटेत असतो. मी आमच्या मादीला सहा वर्षांत उघड्यावर सोडलेलं नाही, आणि ती गुणी आहे.

दहा मीटरची लांब दोरी घे, पण ती गळ्यातल्या पट्ट्याला कधी बांधू नकोस. पूर्ण वेगात दोरी संपली की मानेला हिसका बसतो. छातीवरचा हार्नेस घे आणि दोरी त्याला लाव. हाकेऐवजी शिट्टी शिकव. शिट्टी वाजली की दर वेळी काहीतरी जबरदस्त मिळायलाच हवं, उकडलेलं चिकन वगैरे, आणि ते इतर वेळी कधीच नाही.

रोजच्या पट्ट्याबद्दलही सांगते. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. साधा पट्टा मागे सरकला की कानांवरून निसटून मोकळा. ओढला की थोडा आवळणारा, पण फास न बसणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तो घे. नाहीतर चांभाराकडून रुंद, दोन इंची करून घे.

थाटीपूरच्या_काकू
चिकनचं नाव निघालंच आहे तर त्याच्या आईचं पण बघा कोणीतरी. मी त्यांना ओळखते. त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो.

लष्करवाला
काकू, तोडगा निघाला. मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. अंडी बाबा उकडतात. आई तिकडे बघत नाही. पण गंमत अशी की संध्याकाळी पोळीला तूप लावून ढग्याला भरवताना तीच सापडते. परवा त्याला चिंचगुळाची आमटी आणि भात दिला, वर म्हणते, "आवडीनं खातो गं बाई."

महूचा_पशुवैद्य
पोळी-तूप थोडं चालेल. आमटी आजपासून बंद करा, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी घरांत हे फार होतं.

द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे बरेच जण जाणतात. तरी शिऱ्यातले, गोडभातातले बेदाणे कोणी वेचून काढत नाही. त्यामागं टार्टारिक आम्ल असावं असं २०२१ पासून पशुवैद्य मानायला लागलेत, आणि ते चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊनही कुत्रे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आमटी, चिंचेची चटणी, पाणीपुरीचं पाणी, काही नाही. कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. चॉकलेट नको, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर मुळीच नको. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन मनानं द्यायची नाही.

छाती खोल असलेल्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी पळापळ नको, दिवसाचं खाणं दोन वेळात विभागा. पोट टम्म, ओकारीचे नुसते उमाळे पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला निघायचं.

मोरारचा_मन्या
डॉक्टरसाहेब, गजक? आमचा देशी अख्खा डबा खाऊन बसला होता संक्रांतीला.

महूचा_पशुवैद्य
तीळ-गुळानं विषबाधा नाही होत. जुलाब होतात. झाले असतील.

मोरारचा_मन्या
झाले 😐

जयाजी_चौक
उन्हाळ्याचं कोणी बोलत नाहीये. ग्वाल्हेरात मे-जूनला पारा ४५ च्या वर जातो. आमच्याकडे पॉइंटर होता. लू सुरू झाली की आम्ही पहाटे साडेचारला बाहेर काढायचो आणि रात्री दहानंतर. रस्त्यावर हाताची पाठ टेकवून बघायची, आपल्याला सोसवलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही नाही. दिवसा फिरणं बंद, त्या वेळात घरातच वासाचे खेळ, खोलीभर दाणे लपवून ठेवायचे.

आणि थंडी! मुधोळच्या अंगावर केस नावाला. जानेवारीत धुक्यात चार-पाच अंशांत बाहेर काढाल तर कुडकुडेल. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून घाला. लोक हसतात, हसू द्या.

महूचा_पशुवैद्य
+१. कुत्र्याचं अंग एरवीच ३८-३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. जोरजोरात धापा, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल अडखळती, असं दिसलं तर आधी साध्या नळाच्या पाण्यानं भिजवा, पंख्याखाली घ्या, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, वाफ आत कोंडते.

अजून एक महत्त्वाचं. नसबंदी किंवा कसलीही शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना "हा सायटहाउंड आहे", म्हणजे नजरेनं शिकार करणाऱ्या गटातला, असं स्पष्ट सांगा. थायोपेन्टोनसारखी जुनी औषधं या गटाच्या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतात, शुद्धीवर यायला खूप वेळ लागतो. पर्याय आहेत, फक्त आधी कळायला हवं. तसंच ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त आणि प्लेटलेट कमी, हे नॉर्मल असतं, आणि हा त्याच गटातला. आपल्याकडे प्लेटलेट कमी दिसल्या की लगेच गोचीड-तापाचं औषध सुरू होतं. ढग्या तब्येतीनं ठणठणीत असतानाच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढं तुलनेला उपयोगी पडतो.

गोचीड मात्र खरंच बघत जा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. आणि याची कातडी पातळ असते. बाभळीचा काटा, पत्र्याची कड, कशानंही चांगलं वितभर फाटतं. अंगणातली पडकी भिंत त्या दृष्टीनंही बघा.

बार्शीकर
हे कातडीचं लई खरं. आमच्या मोतीला तारेनं असं फाडलंय की टाकेच टाके.

लष्करवाला
सगळ्यांचे आभार. सायकल बंद. गवंड्याला बोलावलंय, मागची भिंत सहा फूट करतोय. दुपारी ढग्या आईबाबांकडे, रात्री आमच्याकडे, असं ठरवलं. बाबा काठी-फडक्याचं सगळं आपल्याकडे घेऊन बसलेत, मला हात लावू देत नाहीत. सतरंजीवर तो पडतो, पण बायको खोलीत आली की उठतो. तिला वाटतं त्याला ती आवडत नाही.

कोथरूडची_माहेरवाशीण
उलट आहे. वहिनींना सांग, आल्यावर त्याच्याकडे बघायचंच नाही, पाणी पिऊन थेट आपल्या कामाला. तो शेजारी येऊन टेकेल. या कुत्र्यांना अंगावर ओणवं होऊन कुरवाळलेलं आवडत नाही, विशेषतः पाहुण्यांनी. पण स्वतःहून टेकले की तासभर हलत नाहीत.

थाटीपूरच्या_काकू
सुनेला म्हणावं, नवऱ्यालाही हेच लागू करून बघ.

लष्करवाला
काकू 😄
आता एक शेवटचं. दिवाळीनंतर पुण्यात लग्न आहे, सगळ्यांनाच जायचंय. ढग्याला गोवा एक्सप्रेसनं नेता येईल का?

टेकनपूर_रोड
फर्स्ट एसीत नेता येतो, पण अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्याच नावावर असायला हवी. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये परवानगी नाही. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत. आधी पार्सल ऑफिसात जाऊन नोंद करा, रेबीजची लस टोचल्याचा दाखला आणि डॉक्टरांचं तब्येतीचं सर्टिफिकेट बरोबर ठेवा.

बार्शीकर
पेटीत घालू नका. एवढ्या आवाजात, अंधारात, एकटं. भिऊन अर्धं होईल ते.

जयाजी_चौक
मग मागे राहू दे. दिवाळी आधी निभावून न्या, फटाक्यांत हाच पहिला पळेल. त्या आठवड्यात दार उघडताना साखळी हातात हवीच. लग्नाच्या वेळी घरात एखादा माणूस ठेवा.

लष्करवाला
बाबा म्हणताहेत, "मी थांबतो. लग्नाचं जेवण काय, कुठंही मिळतं." आई विचारतेय, अंडी कोण उकडणार ते आधी ठरवा, कारण बाबांना गॅस बंद करायचा लक्षात राहत नाही.

थाटीपूरच्या_काकू
मी आहे ना इथं. पातेलं मात्र तुमचं.